काकवीतली स्प्रिंग

नागसेनच्या बॅगेत एखाद्या दिवशी डबा नसायचा, फिजिक्सचं पुस्तकही नसायचं. काकवीची बाटली मात्र हमखास असायची. टॉनिकची रिकामी, रुंद तोंडाची काचेची बाटली. तीत गळ्यापर्यंत काकवी आणि काकवीत बुडालेली बॉलपेनातली स्प्रिंग. स्प्रिंगच्या टोकाला मोडक्या घड्याळातल्या चुंबकाचा बारीक तुकडा चिकटवलेला. बाहेरून दुसरं चुंबक गोल फिरवलं, की आतली स्प्रिंग गिरक्या घेत काकवीतून पुढे सरकायची. एकदा एसटीत त्या बाटलीचं झाकण निघालं आणि अकरावीच्या घटक चाचणीचे सगळे पेपर एकमेकांना चिकटून बसले. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं." सोसलं पोरांनी. त्यांना चाचणी परत द्यावी लागली.

आम्ही दोघं नायगावच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात. तो फिजिक्स शिकवतो, मी मराठी. तो बायकोमुलांसह नांदेडला राहतो आणि रोज एसटीनं ये-जा करतो, मी इथलाच. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी आहेत आणि स्वभाव दोन टोकांना. माझा कशावरही पटकन विश्वास बसत नाही, आणि याचा बसला की मग तो दुसऱ्याचा बसल्याशिवाय गप्प राहत नाही.

हा नाद त्याला लागला नांदेडच्या एका कार्यशाळेत. तिथं कुणा पाहुण्यानं पडद्यावर एक छोटी फिल्म दाखवली. पाण्याच्या थेंबात मळसूत्रासारखं काहीतरी वळवळत पोहत होतं आणि वाटेतल्या एका पेशीला ढकलत नेत होतं. ते मळसूत्र म्हणजे माणसानं बनवलेलं यंत्र. एका केसाच्या जाडीत तशी शेकडो मावतील, एवढं बारीक. नागसेन दुसऱ्या दिवशी कॉलेजात आला तो लग्नघरून आल्यासारखा.

"रामलिंग, मी काल भविष्य बघून आलो."

"नांदेडात?" मी विचारलं.

त्याला माझी थट्टा ऐकूसुद्धा आली नाही. पाणी आपल्याला पातळ वाटतं, पण त्या यंत्राएवढं लहान झालं की तेच पाणी काकवीसारखं दाट लागतं, हातपाय मारून उपयोग नाही, स्क्रूसारखं फिरतच पुढं जावं लागतं, हे त्यानं मला फळ्यावर काढून समजावलं. त्याच आठवड्यात बाटली तयार झाली. मी त्याला चिडवायचो, की बाबा, माझ्या विषयातला आत्मा दिसत नाही आणि तुझं यंत्रही दिसत नाही, मग आपल्या दोघांत फरक काय? तो उसळून म्हणायचा, "तुझ्या आत्म्याचा फोटो हाय का? माझ्या यंत्राचा हाय!"

त्या बाटलीतली काकवी यायची भामाबाईकडून. भामाबाई म्हणजे त्याची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. आईवडील दोघंही रोजमजुरीला जायचे, तेव्हा या अक्कानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्याला शाळेत सोडायला जायची आणि तो रडू नये म्हणून वर्गाच्या दाराशी बसून राहायची. दाराशी बसून जेवढं कानावर पडलं तेवढंच तिचं शिक्षण, असं ती स्वतःच हसत सांगायची. लग्न होऊन ती नायगावातच नांदली. नवरा लवकर गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची, आणि त्या पगारावर तिनं लुंबिनीला, आपल्या एकुलत्या एक लेकीला, शिकवलं. लुंबिनी आता लातूरला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की अक्का कुठून तरी काकवी मिळवायची, गाळून घ्यायची आणि भावाला डबा भरून द्यायची. "खायला देते तर हा बाटलीत भरून नाचवतोय," अशी तक्रार करायची, पण ती तक्रार चारचौघांत आणि अभिमानानं करायची.

आता विहाराचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच घडलं.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या दिवसांत वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. पांढऱ्या साड्या नेसून बाया येतात, पुरुष येतात, पोरं येतात. रविवारी व्याख्यान असतं आणि ते बहुतेक वेळा नागसेनचंच. कितीतरी वर्षं तो हे करत आलाय. आधी अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची यांवर बोलायचा. बोलून थांबायचा नाही. कुणाच्या पोराला फिट आली आणि घरचे अंगारा आणायला निघाले असं कळलं, की स्वतः जाऊन पोराला दवाखान्यात न्यायचा. त्यानं लोकांना दोन गोष्टींची सवय लावली. एक, प्रश्न विचारायचा, हात वर करून, न लाजता. दुसरी, पुरावा मागायचा. म्हाताऱ्या बायासुद्धा शाळेतल्या पोरींसारखा हात वर करायच्या. आणि विहारात सगळे त्याला 'सर' म्हणायचे, अक्कासुद्धा. घरी 'नागसेन, जेवलास का रे' म्हणणारी ही बाई, विहाराची पायरी चढली की 'सर' म्हणायची. मला त्याचं हसू यायचं. ती मला दटावायची, "तिथं त्यो माझा भाऊ नसतो, रामलिंग भाऊ. तिथं त्यो समद्यांचा असतोय."

त्याच्या शब्दाचं वजन किती, ते कोरोनाच्या लशीच्या वेळी दिसलं. आसपासच्या गावांत लोक लशीच्या गाडीला पाहून शेतात पळत होते. इथं अक्का सगळ्यात आधी पुढं गेली, बाही वर केली आणि नर्सला म्हणाली, "दे टोचून, माझ्या भावानं सांगितलंय." मागं सगळी वस्ती रांगेला लागली. नागसेनचं म्हणणं खरं निघालं, आणि लोकांच्या मनात पक्कं बसलं, की सर सांगतात ते होतंच.

तर, या यंत्रांवरची व्याख्यानं. सुरुवातीच्या व्याख्यानांत तो शेवटी एक गोष्ट न चुकता सांगायचा. "हे सगळं अजून प्रयोगशाळेत आहे. उंदरांवर चाललंय. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील, कुणीच सांगू शकत नाही." सांगायचा खरं, पण ते ऐकलं की सभा थंड पडायची. डोळे मोठे करून बसलेले लोक एकदम चपला शोधायला लागायचे. कोणत्या बोलणाऱ्याला ते आवडेल? ते वाक्य आधी आखडलं, मग शेवटून मधे कुठं तरी सरकलं, आणि मग कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. खऱ्यातलं एक वाक्य कमी झालं, एवढंच.

मी ज्या रविवारचं सांगतोय, तो श्रावणातला होता. व्याख्यानानंतर खीर होती, म्हणून मीही गेलो होतो आणि मागं भिंतीला टेकून बसलो होतो. नागसेन त्या दिवशी रंगात आला होता. बाटली हातोहात फिरत होती. पोरं चुंबक फिरवत होती, स्प्रिंग गिरक्या घेत होती. कारखान्यातल्या नळ्यांच्या आत शिरून ही यंत्रं गंज शोधतील, चिरा बुजवतील, नदीत सोडलेल्या सांडपाण्यातलं विष वेचून काढतील, असं तो सांगत होता. भीमा नावाचा वस्तीतला एक गडी धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात हमाली करतो. त्यानं हात वर केला.

"सर, मिरचीपुडीत रंग मिसळत्येत, त्यो धरंल का हे?"

"धरंल! धरून बाहेर आणून दाखवंल," नागसेन म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

"मंग पहिलं आमच्या बाजारात सोडा," भीमा म्हणाला, तेव्हा हसता हसता पुरेवाट झाली.

मग तो औषधांकडे वळला. आज गोळी घेतली की ती सगळ्या अंगात फिरते, जिथं दुखत नाही तिथंही जाते. हे यंत्र तसं करणार नाही. रक्तात सोडायचं, बाहेरून चुंबकानं हाकायचं, नेमकं गाठीपाशी न्यायचं आणि आपल्या पोटातलं औषध तिथंच ओतायला लावायचं. "कापाकापी न्हाई, टाके न्हाई, केस गळणं न्हाई. गाठ जागच्या जागी विरघळून जाईल!"

पहिल्या ओळीतून अक्कानं हात वर केला.

"सर, कोणच्या बी गाठीला चालतंय का हे?"

"कोणच्या बी."

"अन् कधी येईल?"

सभा तापलेली होती. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. नागसेननं बाटली उंच धरली आणि म्हणाला, "आलंच म्हणून समजा!"

टाळ्यांनी विहार दणाणला. अक्कानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं हात खाली घेतला, पदर नीट केला आणि शांत चेहऱ्यानं बसून राहिली. मला वाटलं, भावाचं कौतुक ऐकून मन भरलं असेल. मग खीर आली आणि मी खिरीकडे वळलो.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला लुंबिनी लातूरहून घरी आली. आई धुणं धुवायला बसली होती, आणि एकेक पोलकं आधी वेगळं काढून, पाठमोरी होऊन, हातानं चोळत होती. लुंबिनीनं त्यातलं एक ओढून घेतलं. डाग पाहिला. लॅबमधली पोरगी, तिला समजायला वेळ लागला नाही. दारं लावून तिनं आईला पोलकं काढायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला घेऊन गेली. सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट आल्यावर, दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा, तिथून तिनं मामाला फोन केला. नागसेन वर्गावर होता. फोन ठेवला तेव्हा त्याच्या हातातला खडू तसाच होता.

आम्ही दोघं लातूरला गेलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, हा खिडकीबाहेर पाहत एकच घोकत होता, "का लपवलं तिनं? का लपवलं?" त्याला राग आला होता. आपण आयुष्यभर लोकांना लाज सोडायला शिकवलं आणि आपल्याच घरात असं व्हावं, याचा राग.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लुंबिनी भेटली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "गाठ छातीतली. आता फुप्फुसात गेलंय, मामा. गाठ लहान होती तेव्हाच आई आली असती तर काढून टाकता आली असती, म्हणाले डॉक्टर." मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही आत जा. ती तुमचीच वाट बघून राहिली."

अक्का खिडकीजवळच्या खाटेवर होती. हाताला सलाईन. अंगानं अर्धी झालेली. मला पाहून म्हणाली, "रामलिंग भाऊ, एवढ्या लांब कशाला आलात, कॉलेज बुडवून?" आणि माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं. नागसेनला मात्र धीर धरवला नाही.

"अक्का, वरीसभर अंगावर काढलंस! मला एका शब्दानं सांगू न्हाई? सख्ख्या भावाची एवढी कसली लाज?"

"सांगितलं की," अक्का म्हणाली.

"कवा सांगितलं?"

"विहारात. हात वर करून विचारलं की तुला."

नागसेनला काही समजेना. मला मात्र तो श्रावणातला रविवार आठवला.

"घरी असल्या जागंचं भावापाशी कसं बोलावं?" अक्का सांगत होती, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. "म्हणून म्हणलं, सराला विचारावं. तूच म्हणतुस की, प्रश्न विचारायला लाजू नगा. गाठ तवा बोराएवढी व्हती. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणली, नांदेडला जाऊन तपासा, बहुतेक कापावं लागंल. म्हणून तुला विचारलं, कधी येईल ते यंत्र. तू म्हणलास, आलंच समजा. मंग म्हणलं, आता कशाला कापून घ्यायचं? त्या डॉक्टरणीला जाऊन सांगितलं, बाई, तुमाला नवं ठाव नसंल, माझा भाऊ प्राध्यापक हाय."

नागसेनचा चेहरा मी पाहू शकलो नाही. त्याचा हात तेवढा दिसत होता, खाटेच्या दांडीवर घट्ट आवळलेला.

अक्कानं सलाईनच्या बाटलीकडे बोट केलं. "यात हायत का रे ते?"

मला वाटलं, हा आता हो म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. मी तर म्हटलंच असतं. मरणाऱ्या माणसाला खूश करायला खोटं बोलण्यात मला काही पाप वाटत नाही. पण नागसेन मान हलवून म्हणाला, "न्हाई, अक्का. हे जुनंच औषध हाय."

"मंग ते कवा?"

तो सलाईनची नळी उगाच नीट करायला लागला. अक्काच त्याची समजूत घातल्यासारखी म्हणाली, "येईल, येईल. तू म्हणलास म्हंजे येईल."

तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं. भांडली असती, रडली असती, तर त्याला पाय धरता आले असते. तिचा विश्वास जसाच्या तसा होता, आणि त्यानंच तो माणूस मोडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा लुंबिनीनं त्याला एवढंच विचारलं, "मामा, अजून उंदरावर चालू आहे हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं का?"

"आधी सांगायचो," नागसेन म्हणाला. "आधी सांगायचो गं."

परतीच्या गाडीत अहमदपूरला सगळे चहाला उतरले, तो उतरला नाही. मी त्याचा चहा खिडकीतून दिला, तो त्यानं हातात धरून गार केला. गाडी सुटल्यावर बोलला. "रामलिंग, ती नुसती 'अरे नागसेन' म्हणली असती ना, तर मी विचारलं असतं, का गं, कुणाला झाली गाठ? माझ्या ध्यानात आलं असतं. ती 'सर' म्हणली अन् मी सर झालो." मी त्याच्या हातातला गार चहा घेतला आणि खिडकीबाहेर ओतून दिला.

त्यानं व्याख्यानं बंद केली. इतर गावांहून बोलावणी यायची, तो तब्येतीची सबब सांगायचा. दर शनिवारी कॉलेज सुटलं की लातूरची गाडी धरायचा आणि रविवारी संध्याकाळी परतायचा. काकवीची बाटली स्टाफरूमच्या कपाटात पडून राहिली. उन्हाळा लागल्यावर ती आंबली, झाकणाखालून फेस आला आणि मुंग्यांची रांग लागली. शिपायानं विचारलं, टाकून देऊ का? नागसेननं बाटली स्वतः नेऊन नळाखाली धुतली. स्प्रिंग खिशात ठेवली आणि बाटली परत कपाटात ठेवून दिली.

भीमजयंतीची मिरवणूक अक्कानं त्या वर्षी लुंबिनीच्या मोबाइलवर पाहिली. पांढरी साडी नेसवायला लावली आणि उशीला टेकून बसून पाहिली. त्यानंतर आठवडाही काढला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरून गेला होता. शाळेतल्या बाया आल्या होत्या, तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली पोरं आली होती. समोर अक्काचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. त्रिसरण-पंचशील झालं. लोक उठून दोन दोन शब्द बोलले. अक्का सगळ्यात आधी लस घ्यायला कशी पुढं गेली, ते भीमानं सांगितलं. मग तो म्हणाला, "आता सरांनी बोलावं."

नागसेन बोलणार नाही, असं मला वाटलं होतं. तो उठला. हातात काही नव्हतं. फोटोकडे न पाहता त्यानं लोकांकडे पाहिलं.

"ते यंत्र अजून प्रयोगशाळेत हाय," तो म्हणाला. "उंदरांवर चाललंय. माणसांपर्यंत कधी येईल, कुणालाच सांगता येत न्हाई. मला बी न्हाई. येईल कधीतरी, आपल्या नातवंडांना लाभंल. पण अक्कानं इथंच बसून मला विचारलं, कधी येईल, अन् मी म्हणलो, आलंच समजा. मला माहीत नव्हतं. 'माहीत न्हाई' म्हणायची मला लाज वाटली. अक्का लाजली म्हणून उशीर झाला, असं तुम्ही म्हणून राहिलात, मी ऐकलंय. ती लाजली न्हाई. तिनं समद्यांसमोर हात वर करून विचारलं. लाजलो मी."

एवढं बोलून तो खाली बसायला लागला, तेवढ्यात दारापाशी एक हात वर झाला. धुरपताबाई होती. अक्काबरोबर शाळेत खिचडी करायची ती. मारुतीच्या देवळामागं राहणारी, विहारात कधी न आलेली बाई, म्हणून बिचकत उंबऱ्याशी बसली होती. इतरांचं पाहून तिनंही हात वर केला होता.

"सर, मला बी हाय."

नागसेन तसाच अर्धवट उभा राहिला. "काय हाय, धुरपताबाई?"

"गाठ. मागच्या पोळ्यापासून." ती पदर तोंडाशी धरून बोलत होती. "भामाक्काला दाखवली मी. ती म्हणली, भिऊ नगस, माझ्या भावाचं यंत्र येऊन राहिलं. थोडं थांब, आपण दोघी संगंच जाऊ. म्हणून मी थांबून हाव."

अक्का गेली होती. पण तिनं भावाचा शब्द चुलीपाशी, खिचडीचं पातेलं ढवळता ढवळता, किती जणींना वाटला होता, हे आता कुणाला ठाऊक? इतके महिने नागसेन एका गाठीचं ओझं वाहत होता.

"अजून कुणी थांबलंय का?" त्यानं विचारलं. कुणी हात वर केला नाही. पुरुषांसमोर कोण करणार? लुंबिनी उठली आणि बायांच्या बाजूला जाऊन बसली. जेवणं चालू असताना आणखी एक बाई तिला कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलून गेली.

नागसेन त्या रात्री नायगावातच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडच्या गाडीत होतो. पुढच्या बाकावर लुंबिनी आणि त्या दोघी, मागं नागसेन आणि मी. धुरपताबाई घरून भाकरी बांधून घेऊन आली होती. दवाखान्यात वेळ लागतो म्हणे. नायगाव मागं पडल्यावर ती वळून बसली. रात्रभर मनात घोळवलेलं बोलून टाकावं तसं म्हणाली, "सर, राग मानू नगा. पण मी आता कापून घेतलं, अन् लगेच ते यंत्र आलं, तर? उगंच घाई केल्यावानी व्हईल."

नागसेन पुढं वाकला.

"त्याला यायला लई वेळ हाय, धुरपताबाई. तुमच्याजवळ तेवढा वेळ न्हाई."

तिनं मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. समजलं तिला. कुणालाही समजलं असतं. नागसेननं स्प्रिंग ठेवलेल्या खिशात हात घातला आणि तो तिथंच ठेवून बसला. मूठ आवळलेली मला बाहेरून दिसत होती. श्रावणातल्या त्या रविवारी हात वर करून बसलेल्या बहिणीलाही त्यानं हेच, एवढंच सांगायला हवं होतं.